बांधाची उलटतपासणी

परशरामनं बांध कोरला म्हणून नागोजीनं लावलेला दावा इतका मुरला होता की तारखेला दोघे गुंजीहून एकाच गाडीनं जात, एकाच बाकावर बसत आणि फक्त कोर्टाच्या पायरीवर वेगळे होत. आजही पुढची तारीख पडली, तेव्हा कोर्टातून दोघे तसेच पुढं बेळगावला आले. नागोजीची दिपाली वकिलीच्या कॉलेजात होती आणि तिथं आज अभिरूप न्यायालयाची स्पर्धा होती. पोरीनं सनद घ्यावी आणि आपला दावा जिंकून द्यावा, एवढीच नागोजीची आशा.

स्पर्धेतला बनावट दावाही बांधाचाच होता. सगळ्या संघांना कागद आधीच मिळाले होते. दोन्ही बाजू तयार करायच्या आणि कुठली लढायची ते नाणं उडवून ठरायचं. त्यासाठी दिपालीनं महिनाभर बापाला नाही नाही ते प्रश्न विचारले होते, आणि त्यानंही कौतुकानं खरी उत्तरं दिली होती.

नाणं उलटं पडलं. बांध कोरणाऱ्याची बाजू दिपालीकडं आली.

परशरामनं कोपरानं ढोसलं. "नागू, पोरगी माझी वकील झाली की रं!"

समोरच्या संघातला एक पोरगा वादी होऊन पिंजऱ्यात उभा होता.

"बांध सरकला तेव्हा तुम्ही शेतात होता?" दिपालीनं विचारलं.

साक्षीदाराला कागदाबाहेर बोलायची मुभा नसते. पोरगा अडखळला.

"न्हवतो! लग्नाला गेलतो!" मागून आवाज आला. "पर दगड कुणी हलवला ते गावाला ठावं हाय!"

नागोजी उभा होता. सभागृह हसत होतं.

"खाली बसा," परीक्षक म्हणाले. "तुमचा जबाब कागदात नाही."

दिपालीनं मागं वळून पाहिलं नाही. "स्वतः पाहिलंत का, एवढंच सांगा," ती पोरग्याला म्हणाली.

"न्हाय," नागोजी खाली बसत पुटपुटला.

स्पर्धेत गुण मांडणीला असतात, खरं कोणाचं याला नाही. उत्कृष्ट वकिलाचं बक्षीस दिपालीला मिळालं.

कँटीनमध्ये ती म्हणाली, "आप्पा, सनद मिळाली की पहिली आपलीच केस. वर्षात निकाल लावते बघा."

नागोजीनं बशीत चहा ओतला. परशराम त्याच्याच बाकावर बसला होता.

"एवढी गडबड कशाला गं? आधी लोकांच्या केशी बघ."

"आणि आपली?"

नागोजीनं परशरामकडं पाहिलं, आणि बशी त्याच्यापुढं सरकवली.

"आमची बरी चाललीया."