दुधाळ काच

“कुणालाच खरं वाटणार न्हाय बघ शुभांगी, पर झालं ते असं...”

रिकाम्या खोलीत महालिंगप्पांनी हे वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिलं आणि हातभर लांबीच्या एसटीच्या काचेवर ओला पॉलिशपेपर फिरवला. आवाज बरा लागला होता.

ही खेळण्यातली एसटी त्यांच्या सुनेनं, शुभांगीनं बनवली होती. पत्र्याचं लाल अंग, दाराची कडी, टपावरचा कॅरिअर, सगळं खऱ्यासारखं. काचा तेवढ्या पारदर्शक प्लास्टिकच्या. समोरची काच मधल्या पट्टीनं दोन भागांत विभागलेली. संध्याकाळी अणदूरचं गिऱ्हाईक ती न्यायला येणार होतं.

सकाळी शुभांगी रंग आणायला लोहाऱ्याला गेली, आणि काचेवरची धूळ अप्पांना बघवेना. ड्रायव्हरच्या उभ्या नोकरीत त्यांनी गाडी काढण्याआधी आपल्यापुढची काच वाचून झालेल्या पेपरच्या बोळ्यानं पुसली होती. डावीकडची कंडक्टरनं बघून घ्यावी, असा त्यांचा कायदा. आजही बोळा आपोआप हातात आला. पण ती धूळ नव्हती. घासलेल्या पत्र्याचा कीस होता. मांजरानं ओरबाडल्यासारखे चरे उठले.

मागच्या महिन्यात एका छोट्या ट्रकचं दार त्यांच्या हातून निखळलं, तेव्हा त्यांनी मुंगसाचं नाव घेतलं होतं. शुभांगी हसली नव्हती.

“अप्पा, पुन्हा हात लागला तर माझं सगळं सामान लोहाऱ्याला भाड्याच्या खोलीवर जाईल. मग दिवसभर सांगत बसा भिंतीला गोष्टी.”

मुलगा अमरनाथ पुण्याला कामावर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तेरणेच्या पुरातून एसटी पोहत काढल्याची गोष्ट सुरू केली, की माकणीच्या पारावरची माणसं एकेक करून उठायची. भिंतीला सांगूनही त्यांनी एकदा बघितलं होतं. भिंत ‘मग?’ म्हणत नाही.

म्हणून आता शुभांगी करते तसंच ते करत होते. पॉलिशपेपर पाण्यात बुडवायचा, आधी उभा घासायचा, मग आडवा. चरे गेले. पण त्यांच्याबरोबर काचही गेली. सगळी पांढरीफटक, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. अप्पांनी धोतराच्या सोग्यानं ती कोरडी केली. आणखीच पांढरी झाली.

रस्त्यावर जीप थांबली. कुणीतरी उतरलं. अप्पांनी श्वास धरला. चपला दारावरून पुढं गेल्या.

मग त्यांना टूथपेस्ट आठवली. जुन्या बनियनच्या चिंधीवर ती घेऊन ते गोल गोल फिरवू लागले. जोर लावावा तर काच मोडेल, न लावावा तर वेळ सरेल. घाम नाकावरून टपावर पडला. बऱ्याच वेळानं त्या दुधातून स्टेअरिंग दिसलं. मग गिअरचा दांडा. मग ड्रायव्हरची सीट.

चिंधी मांडीखाली सरकवली, तोच दार ढकललं गेलं.

शुभांगीनं पिशवी ठेवली. एसटी उचलून उजेडाकडं धरली. समोरच्या काचेचा उजवा भाग घासलेला, डावा तसाच किसानं भरलेला. खाली ठेवेना.

“कुणालाच खरं वाटणार न्हाय बघ...” अप्पांचा आवाज फाटला. “माकड आलं हुतं. धरणावरचं. हातात पेपर.”

“वाचत होतं का?”

“व्हय तर. चष्मा न्हवता, म्हणून लांब धरून.”

“मग?”

तेवढ्यानं अप्पांच्या अंगात धीर आला.

“मग काय! वाचून झालं, तसं बोळा केला आन् लागलं की काच पुसायला. म्या हाड् म्हनलं, तर माझ्याकडंच डोळे वटारतंय. लई शिस्तीचं माकड, पोरी. डेपोत वाढलेलं असणार.”

शुभांगीनं पॉलिशपेपर उचलला, पाण्याची वाटी उचलली. सामान आवरायला लागली, असं वाटून अप्पांनी मान खाली घातली.

वाटी त्यांच्या पुढ्यात येऊन टेकली. शेजारी पेपर. शेजारी एसटी, डावी बाजू त्यांच्याकडं करून.

“खोटं बोलताय, अप्पा,” ती म्हणाली. “माकडानं ड्रायव्हरच्या बाजूची तेवढीच पुसली व्हय?”