सेनोविरचा शिक्का

रोमनांच्या लंडिनियमहून, म्हणजे आजच्या लंडनहून, उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यालगत कुंभारांची एक वस्ती होती. तिथे वाटणाचे वाडगे बनत. रुंद काठ, ओतायला चोच आणि आतून खरखरीत. माती ओली असतानाच कुटलेली गारगोटी आत दाबून बसवायची. चोचीशेजारी कुंभाराच्या नावाचा शिक्का उठवला, की वाडगा भट्टीत जायला मोकळा.

सेनोविरच्या शिक्क्याला सैन्याच्या छावण्याछावण्यांत मान होता. त्या उन्हाळ्यात मातीच्या खड्ड्यात त्याचा पाय मुरगळला, म्हणून त्याने शिक्का मेहुण्याकडे, दुबनाककडे दिला. "एवढी एक भट्टी सांभाळ," म्हणाला.

पाय जरा बरा होताच तो लंगडत भट्टीवर आला. वाडगे गाड्यांत भरून झाले होते. शिक्का घेतलेल्या दुबनाकशेजारी सैन्याची खरेदी करणारा मार्सियन उभा होता. गडी या भागात नवा.

"या साहेब. मी सेनोविर."

मार्सियनने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सेनोविर तर हा. शिक्का याच्या हातात आहे."

"अहो, तो माझा मेहुणा!"

"असेल. सेनोविरला नातेवाईक नसावेत असा काही नियम नाही."

सेनोविरने शेजाऱ्यांकडे पाहिलं. शेजारी ढगांकडे पाहू लागले. साहेब चिडला तर गाड्या पलीकडच्या गावाला वळतील, ही सगळ्यांना धास्ती. बायको ब्रिका त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, गाड्या जाईपर्यंत दुबनाक व्हा की! तसंही त्याचं नाव सध्या रिकामंच पडलंय."

सेनोविर गाडीकडे वळला. त्याने गाडीतल्या एका वाडग्यात हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला. आतून वाडगा लोण्यासारखा गुळगुळीत!

"मेव्हण्या, गारगोटी कुठंय?"

"दाजी, बोटं सोलवटतात हो."

"अरे, यात लसूण वाटला जायचा नाही! छावणीत शिव्या कुणाला बसतील?"

"सेनोविरला," दुबनाक म्हणाला. मग जरा विचारात पडला. "म्हणजे... सध्या मलाच की."

गाड्या निघाल्या असत्या, तर वडिलांच्या हाताखाली शिकून कमावलेलं नाव उत्तरेपर्यंत मातीत गेलं असतं. सेनोविर पुढे झाला. "साहेब, जेवल्याशिवाय कसे जाल? वाटण याच वाडग्यात करू."

मार्सियनला भूक होतीच. हौसेने त्याने स्वतःच बत्ता हाती घेतला. वाडग्यात लसूण, कोथिंबीर आणि चीज पडलं. बत्ता फिरू लागला, तशी लसणाची पाकळी त्याच्या पुढे पुढे पळू लागली. मार्सियनने जोर लावला. पाकळी काठावरून उडाली आणि थेट त्याच्या कपाळावर बसली.

"कोण तो सेनोविर?" तो गरजला. "सगळा हिवाळा छावणीचे संडास उपसायला लावतो त्याला!"

क्षणात साऱ्या वस्तीला खरं आठवलं. सगळी बोटं एकदम खऱ्या सेनोविरकडे वळली. दुबनाकने तर शिक्का त्याच्या मुठीत कोंबलाच. "मी दुबनाक, साहेब! जन्मापासून!"

ब्रिका कुजबुजली, "अजून वेळ गेली नाही. दुबनाकच राहा."

सेनोविरने मूठ आवळली. "मीच सेनोविर. नाव माझं, लाजही माझीच."

एवढं बोलून त्याने हातोडा उचलला आणि गाडीतले वाडगे एकामागून एक फोडायला लागला. स्वतःचाच माल फोडणारा कुंभार मार्सियनने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. संडासांचं तो विसरूनच गेला. तेवढ्यात ब्रिकाने स्वयंपाकघरातला जुना वाडगा आणला. त्याच्या आतली गारगोटी अजून हाताला टोचत होती. सेनोविरने त्यात लसूण घोटला. बत्त्याच्या चार फेऱ्यांत त्याचं लोणी झालं.

मार्सियनने बोट चाटलं. कपाळ पुसलं. पुन्हा बोट चाटलं. "पुढच्या भट्टीपर्यंत थांबतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून दुबनाक गारगोटी कुटायला बसला. चार दिवसांत त्याची बोटं चांगलीच सोलवटली. तिकडून जाता जाता मार्सियन थबकला. "काय रे, तुझं नाव काय?"

दुबनाकने आधी सेनोविरकडे पाहिलं.

"थांबा साहेब, दाजींना विचारून सांगतो."