एकच जागा

रेणुकानं जेसीबीची बकेट चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेघेला न शिवता अलगद जमिनीवर टेकवली आणि इंजिन बंद केलं. चर सरळ उतरला होता. ती केबिनमधून खाली उतरली. परीक्षा घेणाऱ्या जाकीरभाईंनी मान डोलावली, तेव्हा तिला कळलं, जमलं आपल्याला.

आता पाळी तिच्या नवऱ्याची, अश्वजितची होती. तो हेल्मेट आणायला शेडकडे गेला होता.

बीटी म्हणून लावलेली कपाशी बोंडअळीनं पोखरली, तेव्हा उभं पीक उपटून दोघांनी मेहकरच्या या जेसीबी प्रशिक्षणात नाव घातलं. आधी नाव त्याचंच होतं. ‘तूही शीक,’ म्हणून तिला तोच घेऊन आला. शिकता शिकता तिचा हात त्याच्याहून साफ बसत गेला, आणि तिचं कौतुकही तोच चारचौघांत करायचा. अशात खामगाव रस्त्याच्या कामाचा ठेकेदार येऊन सांगून गेला होता, की परीक्षा पास झालेला चालक पाहिजे. पण जागा एकच आहे.

जाकीरभाई जवळ आले. आवाज खाली घेऊन म्हणाले,

“ताई, एक इचारू? भाऊच्या डोळ्याले काही तकलीफ हाय का?”

रेणुकानं कमरेला खोचलेला पदर पुन्हा खोचला. फवारणी करताना वारा उलटला होता आणि औषध अश्वजितच्या तोंडावर आलं होतं. तेव्हापासून उजव्या डोळ्यानं त्याला धुरकट दिसे. घरात हे सासूलाही माहीत नव्हतं. मशीनवर तो इंजिनाच्या आवाजावरून खोलीचा अंदाज घ्यायचा, हे फक्त तिनं ओळखलं होतं. नाही म्हणून टाकायचं, एवढंच तर होतं.

“उजव्यानं साफ दिसत नाई त्याइले,” ती म्हणाली. “फवारणीपासून.”

उत्तर इतक्या चटकन निघालं, की तिची तीच दचकली.

अश्वजित हेल्मेट घेऊन आला. जाकीरभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“भाऊ, आज नाई. अगोदर डोळे दाखवून या.”

अश्वजितनं एकदा रेणुकाकडे पाहिलं. मग हेल्मेट हलकेच बाकावर ठेवलं आणि बस-स्टँडच्या वाटेला लागला.

गावाकडच्या एसटीत दोघं शेजारी बसली. ती खिडकीबाहेर पाहत होती. बांधाबांधांवर उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग पडले होते. शेवटी तिला राहवलं नाही.

“माहा राग आला ना तुमाले?”

“काऊन येईन? म्याच सांगतलं होतं जाकीरभाईले, माह्या डोळ्याचं तिले इचारा म्हून.”

तिनं वळून पाहिलं.

“माह्या तोंडातून निघत नव्हतं,” तो म्हणाला. “गावभर सांगून बसलो होतो, जेसीबी चालवतो म्हून. माघार कोन्या तोंडानं घेऊ? अन् उद्या बकेटखाली कोनाचं लेकरू आलं असतं तं?” तो थोडा हसला. “एकच धाक होता. मले सांभाळून घ्याले तू खोटं बोलशीन.”

बकेटखालचं लेकरू. रेणुकाला ते आत्ता, त्याच्या तोंडून ऐकल्यावर दिसलं. मघाशी जाकीरभाईंनी विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे दुसरंच होतं: खामगाव रस्त्यावर उभं असलेलं पिवळं मशीन, आणि केबिनमध्ये ती स्वतः.

“माह्या भल्यासाठीच बोलली ना तू,” तो म्हणाला. त्यात विचारणं नव्हतं, नुसती माया होती.

“हाव,” रेणुका म्हणाली, आणि तिनं पदरानं कोरडंच तोंड पुसलं.