अंड्याच्या ओव्या

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सुखदेवरावांची उभी हयात गेली. हाताला काळं लागायचं ते शाईचं, कारण ते कचेरीत होते. वसाहतीत कुणाला रजा हवी असो, कुणाच्या पोराला दाखला, माणूस संध्याकाळी त्यांच्या दाराशी येऊन चपला काढायचा. "साहेब, एवढं इंग्रजीत करून द्या." मग सुखदेवराव चष्मा पुसायचे, कागद सरळ करायचे आणि 'आय बेग टु स्टेट' असं मोठ्यानं म्हणत लिहायला लागायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, निम्मं काम झालंच.

पुढं दिवस पालटले. खराडीला, हडपसरला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि वसाहतीतली तीच दाखल्याची पोरं गळ्यात ओळखपत्र अडकवून तिकडं जाऊ लागली. दाराशी चपला निघेनात. निवृत्त होऊन बोपोडीत दोन खोल्या घेतल्या, तिथं तर सुखदेवरावांच्या इंग्रजीला गिऱ्हाईक एकच उरलं, तेही घरातलं. हिराबाई चौथी शिकलेल्या. बँकेचं पत्र, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, टीव्हीच्या तळाशी पळणारी ओळ, सगळ्याला त्यांचं एकच, "अहो, हे काय म्हणतंय?" सुखदेवराव सांगायचे, सांगताना थोडे रागवायचे. त्या रागवण्यातही एक सुख होतं.

आणि आता त्याच हिराबाई इंग्रजी शिकायला जाऊ लागल्या होत्या.

विहारात दर रविवारी सकाळी अक्षता नावाची मुलगी बायकांना शिकवायची. आठवडाभर खराडीच्या कंपनीत, रविवारी इथं. तिनं सांगितलं, "काकू, स्वयंपाकघरातला एकेक शब्द उचला. इंग्रजी माणसं तो बोलण्यात कुठं कुठं वापरतात ते शोधा आणि पुढच्या रविवारी उभं राहून सांगा." कुणी मीठ उचललं, कुणी पाव. हिराबाईंनी अंडं उचललं.

घरी येऊन पदर खोचायच्या आधी त्यांनी विचारलं, "अहो, एग आणखी कुठं कुठं वापरतात?"

सुखदेवरावांनी पेपर उचलून डोळ्यांपुढं धरला. कारखान्याच्या फायलींत अंडं कधी आलंच नव्हतं.

"उकडून वापरतात," ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "तळूनही."

"तसं नव्हे. बोलण्यात."

"अंडं म्हणजे अंडं. त्यात बोलायचं काय? तुझ्या मास्तरणीला दुसरे उद्योग नाहीत."

हिराबाई पदर खोचून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात मात्र त्यांचा आवाज ऐकू आला, आणि वर उत्तराला श्यामसुंदरचा. श्यामसुंदर म्हणजे वरच्या मजल्यावरचा शेजारी, रेल्वेतून निवृत्त, एकटा. केबल आल्यापासून इंग्रजी सिनेमे आणि क्रिकेटचं समालोचन यांवरच जगणारा.

"वहिनी, अंड्यावर तर ते लोक निम्मी भाषा चालवतात. अडीअडचणीला पुंजी बाजूला टाकली की ते नेस्ट एग. घरट्यात एक अंडं ठेवून द्यायचं, म्हणजे कोंबडी तिथंच येऊन घालते, त्यावरून. कुणाला भरीस घालायचं, ते एग ऑन. वेळेला धावून येणारा भला माणूस, तो गुड एग. आणि नुसता पुस्तकी, तो एगहेड."

"पुस्तकी म्हणजे कसा?"

"सुखदेवरावांसारखा."

हिराबाई हसल्या. दाराआड उभ्या असलेल्या सुखदेवरावांनी ते हसू ऐकलं. मोकळं, जिन्याभर पसरलेलं. हे हसू घरात शेवटचं कधी ऐकलं होतं ते काही त्यांना आठवेना. छातीत निखारा ठेवल्यासारखं झालं. चौथी शिकलेली बाई आणि टीव्हीवर शिकलेला गडी, आणि मधल्या मधे त्यांच्या घरातलं 'अहो, हे काय म्हणतंय?' उचलून वरच्या मजल्यावर गेलं होतं.

दुपारी हिराबाईंचा डोळा लागल्यावर त्यांनी जुना शब्दकोश काढला. त्यात सगळं होतं. इतकी वर्षं फळीवर होतं. पण आता सांगायचं म्हणजे श्यामसुंदरचं उष्टं वाढल्यासारखं झालं असतं. त्यांनी कोश मिटला.

हिराबाईंना मात्र यादी पाठ होईना. त्यांचं सगळं पाठांतर आईच्या जात्यावरचं, भीमाच्या ओव्यांतलं. मग त्यांनी अंडंही ओवीत घातलं. कणीक मळता मळता त्यांचा आवाज लागायचा.

*पहिलं माझं अंडं, पुंजी गाठीची ठेविली*
*नेस्ट एग म्हणे तिला, गोऱ्या मडमांची बोली*

सुखदेवराव बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचे आणि पान उलटायचं विसरायचे. एका ओवीशी त्या रोज अडायच्या.

*तिसरं माझं अंडं, हाक मारता घेई धाव*
*गुड एग म्हणू त्याला, बाई…*

पुढं नुसतं गुणगुणणं. तिथं नाव घालायचं होतं. कुणाचं?

सुखदेवरावांनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. 'सुखदेव त्याचं नाव.' अगदी चपखल बसत होतं. 'श्यामसुंदर त्याचं नाव' म्हणताना जीभ अडखळत होती. त्यांना बरं वाटलं. लग्नातल्या उखाण्यानंतर हिराबाईंनी त्यांचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. निघालंच तर ते इथं निघेल, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि म्हातारपणी एवढ्याशा गोष्टीसाठी आपण असे झुरतोय याची लाजही वाटली.

रविवारी तेही विहारात गेले. कुणी विचारलं तर पेपर वाचायला आलो म्हणायचं होतं. मागच्या भिंतीला टेकून बसले.

हिराबाईंची पाळी आली. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, अक्षताला म्हणाल्या, "बाळा, मला सांगता येत नाही. म्हणून दाखवू?" आणि सुरू केलं. पहिली झाली, दुसरी झाली. बायका माना डोलवू लागल्या. तिसरी आली.

*तिसरं माझं अंडं, हाक मारता घेई धाव*
*गुड एग म्हणू त्याला, बाई, श्यामभाऊ त्याचं नाव*

श्यामभाऊ. तेही चपखल बसलं होतं. हे सुखदेवरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. हातातला पेपर चुरगळला. उठून जावं असं वाटलं, पण मधल्या वाटेवर सगळ्या बायका बसल्या होत्या.

हिराबाई थांबल्या नाहीत.

*चौथं माझं अंडं, घरभर टरफलं*
*सुखदेवांच्या संसारी, जपून टाकते पावलं*

बायकांनी उखाण्याला वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवल्या. नाव घेतलं, नाव घेतलं, म्हणून एक म्हातारी शेजारणीला कोपरानं ढोसत होती. अक्षता तेवढी हसली नाही. "काकू, ही शेवटची समजावून सांगा ना सगळ्यांना."

"समोरच्याचं कधी बिनसेल सांगता येत नाही, म्हणून जपून जपून वागायचं," हिराबाई म्हणाल्या. "त्याला इंग्रजीत टरफलांवरून चालणं म्हणतात."

परतताना रस्त्याच्या कडेनं दोघं मागंपुढं चालत होते. सिग्नलपाशी सुखदेवराव थांबले.

"चार माणसांत नाव घेतलंस."

"घेतलं."

"टरफलांत घेतलंस."

"दुसरीकडं बसत नव्हतं."

"गुड एगमध्ये बसत होतं," ते एकदम म्हणाले. "मी म्हणून पाहिलं होतं."

हिराबाईंनी वळून त्यांच्याकडं पाहिलं. गाड्या सुटल्या, धूर आला, तरी त्या पाहतच राहिल्या. "म्हणजे ऐकत होता. मग मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

बराच वेळ सुखदेवराव समोरच्या बसची पाटी वाचत राहिले.

"मला येत नव्हतं," ते म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग तसं म्हणायचं. मी काय परीक्षा घेत होते?" त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पुढच्या वेळेला पाव आलाय माझ्याकडं. मी श्यामभाऊंना विचारणार आहे. तुम्ही कोश घेऊन शेजारी बसा. त्यांचं चुकलं तर सांगा."

"त्याचं चुकणारच," सुखदेवराव म्हणाले. निखारा विझला नव्हता, पण त्यावर थोडी राख धरली होती.

जिन्याशी येताच वरून श्यामसुंदर कठड्यावर ओणवला. "काय वहिनी, कशी झाली परीक्षा?"

हिराबाईंनी तोंड उघडायच्या आत सुखदेवरावच बोलले. "झाली. तुमचं नाव आलं ओवीत."

"आणि तुमचं?"

"माझंही आलं," सुखदेवराव म्हणाले, आणि कुलपात किल्ली घालू लागले.

कुठल्या ओळीत, ते हिराबाईंनी सांगितलं नाही.