जहाज किनाऱ्याला लागतं ते कडवं

बिरिताने शेवटचा बाक भिंतीकडे सरकवला आणि खिडकीजवळची फळी पायाने दाबून पाहिली. फळी कुरकुरली.

"तिथेच उभी राहा," दान्यलकाका म्हणाले. "तिला तुझ्या आजीची सवय आहे."

सुन्नवाआजी शरदात गेली. एकशे दोनाव्या वर्षी, सकाळची प्रार्थना आटोपून, कॉफी अर्धी ठेवून. देवाने अलगद उचललं, असंच सगळं गाव म्हणत होतं. त्यामुळे आज तिच्या वाढदिवसाला रडायला कुणीच आलं नव्हतं. टेबलावर वाऱ्यावर सुकवलेलं मटण होतं, रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा होता आणि बोलण्याला ऊत आला होता. नव्या पाद्रीबाबांना तिने मेंढरू धरायला कसं शिकवलं, शंभरीला अभिनंदन करायला आलेल्या साहेबांना आधी बटाटे सोलायला कसं बसवलं, हे जो तो आपापल्या परीने वाढवून सांगत होता. पाद्रीबाबा स्वतःच्या फजितीत स्वतःच भर घालत होते.

बिरिता मात्र मनातल्या मनात कडवी मोजत होती. आता सगळे हातात हात घालून फेर धरणार. वाद्य नाही, फक्त पायांचा ठेका आणि कथागीत. ते पुढे होऊन म्हणणारी आयुष्यभर सुन्नवाआजी होती. आज नात होती. ती अडली तर फेर मोडणार, आणि मोडलेला फेर पुन्हा कोण धरणार?

शिवाय खाडीपलीकडचे पाहुणे आले होते. "तुमच्या गावचं गाणं तोतरं आहे हो," असं ते दरवर्षी चिडवत. जहाज किनाऱ्याला लागतं ते कडवं सगळीकडे एकदाच म्हणत, फक्त इथे दोनदा.

"आज मी ते एकदाच म्हणणार आहे, काका."

दान्यलकाकांनी मुरंब्याचा चमचा चाटला. मग सांगितलं की यात तोतरं काही नाही. तिच्या आजोबांची होडी नेहमी उशिरा यायची, आणि ते कडवं त्यांच्या फार आवडीचं. ते येऊन हात धरेपर्यंत सुन्नवा जहाज किनाऱ्याला लावतच राही. ते गेल्यावर दोनदाचं वळण तेवढं राहिलं.

"आजोबा माझ्या जन्माआधीच गेले," बिरिता हळूच म्हणाली. "आता कुणासाठी थांबायचं?"

काकांनी कॉफीसाठी कप पुढे केला.

बिरिताने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि सुरुवात केली. पहिली कडवी तिने जपून म्हटली. मग फळ्या घुमू लागल्या, म्हाताऱ्यांचे खांदे डोलू लागले आणि शब्द आपणहून येत गेले. वादळ झालं, शीड फाटलं, जहाज किनाऱ्याला लागलं. तिने पुढच्या कडव्यासाठी श्वास घेतला.

खिडकीतून धक्का दिसत होता. तिच्या नवऱ्याची, ताइतुरची, दिवसभर समुद्रावर असलेली होडी आत्ता कुठे आली होती, आणि तो दोर कसाबसा अडकवून चढाने धावत सुटला होता.

तिने तेच कडवं पुन्हा धरलं.

गाव सवयीने मागोमाग आलं. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावले. ते संपलं तेव्हा ताइतुर जेमतेम कुंपणापर्यंत पोचला होता. बिरिताने ते तिसऱ्यांदा सुरू केलं. फेर क्षणभर गोंधळला, मग पाय जोरात पडू लागले.

"सुन्नवासुद्धा इतकी तोतरी नव्हती," पाहुण्यांपैकी एक बाई ठेका न चुकवता म्हणाली. दान्यलकाका हसू दाबत सगळ्यांहून मोठ्याने गात होते.

दार उघडलं. उंबऱ्यावर ताइतुर एका पायावर उभा होता. एक बूट निघाला होता. दुसरा, ओला, काही केल्या निघत नव्हता.

बिरिताने एक हात शेजारणीच्या हातातून सोडवून घेतला, दाराच्या दिशेने मोकळा धरला आणि जहाज पुन्हा किनाऱ्याला लावलं.