मुका ‘ह’

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळी फळा आहे. सध्या चिखलीतल्या एका शाळेच्या कपाटावर गुंडाळून पडलेला असतो. पालींशी आणि झुरळांशी माझी चांगली ओळख झाली आहे.

माझा जन्म इथल्याच एका लहानशा वर्कशॉपातला. जाड कापडाला काळा रंग दिला, वरखाली लाकडी पट्ट्या ठोकल्या, झालो मी तयार. शाळेत आलो तेव्हा पोरं हात फिरवून बघायची आणि मी उगाच फुशारून जायचो. पाढे, नकाशे, कविता, कितीतरी खडू माझ्या अंगावर झिजले. पण सगळ्यात जास्त आठवतात ते शनिवारचे स्पॅनिशचे तास.

ते सादिका मॅडम घ्यायच्या. चाकणच्या एका कंपनीत त्या परदेशी पाहुण्यांसाठी दुभाष्याचं काम करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने शिकवायच्या. मला टांगलं की आधी आठवड्याचं वेळापत्रक आखायच्या. मंगळवारला ‘मार्तेस’ म्हणतात हे कळल्यावर मुलं मुलींना “मला का मारतेस?” असं विचारत हिंडली.

दिव्या मात्र गप्प असायची. ती जुन्या चिखलीकर घरातली. घरचं ‘हाय’, ‘न्हाई’ शाळेतही तोंडात यायचं आणि मुलं तिची नक्कल करायची. भाषेची आवड अशी, की तास सुटल्यावर माझ्यावरचे शब्द ती बोटाने गिरवत राहायची. एका शनिवारी तिने मॅडमना हळूच सांगितलं, की पुढच्या शनिवारपासून ती या तासाला येणार नाही. मला फार वाईट वाटलं.

त्या दिवशीच्या तासाला मॅडमनी तिलाच उठवलं आणि वेळापत्रकाकडे बोट दाखवून स्पॅनिशमध्ये विचारलं, सोमवारी गणित आहे का? दिव्या गडबडली आणि बोलून गेली, “हाय.”

वर्ग खो खो हसला. ती मान खाली घालून बसायला लागली.

“उभी राहा,” मॅडम म्हणाल्या. “फार चुकलेली नाहीस तू.”

त्यांनी माझ्यावर एक शब्द लिहिला, ‘hay’. स्पॅनिश लोक ‘आहे’ म्हणायला हाच शब्द वापरतात, त्यांनी सांगितलं. लिहिताना सुरुवातीला ‘ह’ येतो, पण तो मुका, म्हणून म्हणायचं ‘आय’.

“दिव्याच्या घरी तो ‘ह’ बोलतो,” त्या म्हणाल्या, “एवढाच काय तो फरक.”

दिव्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिने सोमवारपासून सुरुवात केली. “आय मातेमातिकास,” म्हणत अख्ख्या आठवड्याचे विषय तिने स्पॅनिशमध्ये सांगून टाकले. सुटताना मॅडमनी विचारलं, पुढच्या शनिवारी तास आहे ना?

“हाय की,” दिव्या म्हणाली.

पुढे वर्गात चकचकीत डिजिटल पडदा आला आणि मी कपाटावर गेलो. मित्रांनो, कधी माझी धूळ झटकलीत तर बरं वाटेल. पण वर्गात कुणी आपल्या घरची बोली घेऊन उभं राहिलं, तर आधी त्याचं ऐकून घ्या. माझ्यावरचं काहीही ओल्या फडक्याने पुसता येतं. तुमचं हसणं मात्र त्या पोराच्या कानातून कुणालाच पुसता येत नाही.