पावणेपाचची गाडी

सव्वीस वर्षं मी मुलांना आपलं म्हणणं पटवून द्यायला शिकवतोय. दरवर्षी फळ्यावर तेच लिहायचं. आधी म्हणणं सांगा, मग कारण, मग पुरावा, समोरचा काय हरकत घेईल त्याचं उत्तर आणि शेवटी विनंती. लिहून लिहून हात भरून येतो, आणि खरं सांगायचं तर मनही विटलंय.

त्र्याहत्तर साली मॅट्रिकच्या वर्गाला म्हटलं, खोटे अर्ज पुरे झाले. खरा अर्ज लिहा, तो आपण पाठवू. त्या वर्गात गुणमाला होती. सांगलीपासून आठ मैलांवरच्या गावातून एस.टी.नं यायची. शाळा पाचला सुटायची आणि तिच्या गावची गाडी पावणेपाचला निघून जायची. पुढची थेट साडेसहाला. तिनं डेपो मॅनेजरना लिहिलं होतं :

‘पावणेपाचची गाडी वीस मिनिटं उशिरा सोडावी. आम्ही जैन आहोत. घरी सूर्य मावळल्यावर कोणी जेवत नाही. मी पोचते तेव्हा अंधार पडलेला असतो, म्हणून दुपारच्या डब्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहावं लागतं. गेल्या थंडीत दोनदा चक्कर आली. यंदा आली तर वडील शाळा बंद करणार आहेत.’

“संध्याकाळसाठी दुसरा डबा का आणत नाहीस?” मी विचारलं.

“आजीला चालत न्हाई, सर. सकाळचा भात-आमटी सांजंला शिळं धरत्यात.”

शेवटचा तास गणिताचा, तो हेडमास्तर सोडू देत नव्हते. म्हणजे हरकतींची उत्तरंसुद्धा पोरीजवळ तयार होती. पण माझ्यापुढे चाळीस वह्या पडल्या होत्या आणि डोकं ठणकत होतं. कारणावर मी लाल रेघ मारली. शेजारी लिहिलं, ‘घरगुती गोष्टी नकोत. मोठं कारण द्या.’ वर मोठं कारण मीच सांगितलं : स्त्रीशिक्षण हा राष्ट्राच्या प्रगतीचा पाया आहे. तिनं ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. खाली बावीस मुलांच्या सह्या घेतल्या.

दीड महिन्यानं उत्तर आलं. मागणी सर्वसाधारण स्वरूपाची असल्यामुळे विचार करता येत नाही. मी ते कपाटात ठेवून दिलं.

डिसेंबरात गुणमाला स्टँडवर चक्कर येऊन पायरीवर पडली. कपाळ फुटलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील धरणेंद्र शाळेत आले. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतेच म्हणाले, “मास्तर, शिकंल तवा शिकंल. आदी पोरगी जगू दे.” तिची पुस्तकं पिशवीत घालून घेऊन गेले.

मला फार लाज वाटली. तिची वही माझ्याकडंच राहिली होती. ती घेऊन मी डेपोत गेलो. मॅनेजर माझ्यासारखाच दमलेला माणूस. लाल रेघेखालचं त्यानं उभ्या उभ्या वाचलं.

“हे का नाही पाठवलंत? राष्ट्राची प्रगती माझ्या टेबलावर रोज येते, मास्तर. उपाशी पोर कधी आली नाही.”

सोमवारपासून गाडी पाच वाजून पाच मिनिटांनी सुटू लागली.

त्याच सोमवारी मी त्या गाडीनं तिच्या गावी गेलो. पोचलो तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं आणि घरात पानं मांडली होती. आक्काताईंनी, म्हणजे तिच्या आजीनं, मलाही बसवलं. जेवता जेवता मी धरणेंद्रना सगळं सांगितलं. गाडी बदलली, मुलगी हुशार आहे, मॅट्रिकच्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत शनिवारपर्यंत आहे. आक्काताईंनी मान डोलावली.

धरणेंद्र म्हणाले, “येळंवर घरी येत आसंल तर माजी ना न्हाई. तिलाच इचारा.”

मी हरखून गुणमालाकडं पाहिलं. कपाळावर पट्टी होती. ती भाकरी वाढत होती.

“नगं, सर.”

“का गं? तुझ्याच कारणानं बदलली गाडी!”

“तुमी लिवलं व्हतं न्हवं, ह्ये घरगुती हाय म्हणून? मी लय इचार केला. सर म्हणत्यात ते खरंच हाय. माज्या एकटीच्या भुकंपायी एवढ्या लोकांची गाडी कशाला आडवायची? आता ती सुटती उशिरा, तर मला चढायची लाज वाटंल. मला पटलं, सर.”

ती रुसून बोलत नव्हती. मनापासून बोलत होती. तिची हरकत खोडून काढायची म्हटलं, तर ती माझ्याच हातची होती.

शनिवारपर्यंत मी रोज त्या गाडीनं गेलो. गुणमाला रोज मला दिवस असताना जेवू घालायची आणि रोज तेच सांगायची.